मामाची वाळू

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं रूममेटने फर्मावलं. ती या विभागाची विद्यार्थी प्रतिनिधी, त्यामुळे सुटका नव्हती. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दोन रुपये दंड! त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आईचं लातूरचं आणि होस्टेलमध्ये सगळ्या जिल्ह्यांचं मिळून झालेलं भेळमराठी. शिवाय पाऊस, मैत्री आणि 'ती' हे तिन्ही विषय दरवर्षीप्रमाणे आधीच बुक झाले होते. मग माझ्या वाट्याला उरली वाळू.

हो, वाळूच. स्विमिंग टँकच्या फिल्टरमधली. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी दोन महिने मामाकडे राहिले. मामा एका क्लबच्या स्विमिंग टँकवर गेली अठरा वर्षं ऑपरेटर आहे. ऑपरेटर म्हणजे नक्की काय, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. लहानपणी मी मैत्रिणींना सांगायचे की माझा मामा लोकांना पोहायला शिकवतो. प्रत्यक्षात मामाला येतं ते विहिरीतलं पोहणं, आणि टँकमध्ये उतरलेला मी त्याला एकदाही पाहिला नाही. त्याचं राज्य टँकच्या मागे, आठ पायऱ्या खाली, पंपरूममध्ये. तिथे माझ्यापेक्षा उंच असे तीन फिल्टर एका रांगेत उभे आहेत. समोर तीन पंप, दोन चालू आणि एक राखीव. भिंतीला एक ट्यूबलाइट, खिळ्याला अडकवलेला रेडिओ आणि टेबलावर रजिस्टर.

आधी थोडं गणित करू. (इंजिनिअरिंगचं मासिक आहे, गणिताशिवाय कसं चालेल?) टँक २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. गुणाकार केला की येतात साधारण ४ लाख ७० हजार लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे ओरलला विचारणार आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की टँकचं पाणी दर आठवड्याला बदलतात. मलाही तसंच वाटायचं. पण नीट चाललेल्या टँकमध्ये तेच पाणी महिनोन्‌महिने असतं. ते फिरत राहतं. दोन्ही पंप मिळून तासाला सुमारे ९४ हजार लिटर पाणी फिल्टरमधून ढकलतात, म्हणजे पाच तासांत अख्ख्या टँकएवढं पाणी वाळूतून जाऊन परत येतं. उडालेलं, सांडलेलं आणि फिल्टर धुताना गेलेलं तेवढं नवीन भरायचं.

फिल्टरच्या आत काय असतं? खाली पाणी गोळा करणारे फटींचे पाइप, त्यावर गोट्यांचा थर, आणि त्यावर सुमारे मीटरभर वाळू. बांधकामाची नव्हे, चाळून एका मापाची केलेली. दाणा अर्धा ते एक मिलिमीटरचा. पाणी वरून येतं, वाळूतून खाली झिरपतं आणि मळ वर अडकतो. झालं, एवढंच मशीन. आत फिरणारा एकही पार्ट नाही. सॉफ्टवेअर तर नाहीच नाही!

मामाचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो, कारण सहाची बॅच. तो आल्याआल्या कशालाही हात लावत नाही. आधी प्रत्येक फिल्टरच्या डोक्यावरचा प्रेशर गेज बघतो आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. मी पहिल्याच दिवशी उत्साहाने एका व्हॉल्व्हकडे हात नेला तर म्हणाला, "थांब माय. काटा काय म्हणायलाय ते आधी बघायचं. मग हात लावायचा."

काट्याची भाषा सोपी आहे. वाळू नुकतीच धुतलेली असली की मामाचा गेज ०.८ किलो दाखवतो. (पुस्तकात किलो प्रति चौरस सेंटिमीटर, पंपरूममध्ये नुसतं किलो.) मळ साठत जातो तशी पाण्याची वाट अरुंद होते आणि काटा वर सरकतो. १.३ ला पोचला की वाळू धुवायची वेळ झाली. आणि काटा अचानक खाली आला तर? तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळीची बादली तुंबली असणार. त्या बादलीत रोज काय काय निघतं ते सांगितलं तर मेसमधलं जेवण तुम्हाला गोड लागेल. केसांचे पुंजके, पानं, हेअरक्लिप, जखमेच्या पट्ट्या. एकदा एक छोटासा दातही निघाला, दुधाचा. मामाने तो धुऊन ऑफिसात नेऊन दिला.

आता एक गंमत. मला वाटलं होतं, फिल्टर जितका स्वच्छ तितका चांगला. मी मामाला विचारलंसुद्धा, "मग रोजच का धूत नाहीस?" मामा म्हणाला, "लई धुतली की वाळू आळशी होती." हे ऐकून मी मनात हसले होते. नंतर पुस्तक उघडलं तर त्यात तेच, फक्त इंग्लिशमध्ये. नव्याने धुतलेल्या वाळूच्या दाण्यांमध्ये मोकळी जागा जास्त, त्यामुळे बारीक कण निसटतात. थोडा मळ बसला की तो मळच पुढच्या मळाला अडवतो. म्हणजे फिल्टर थोडा घाण असताना सगळ्यात छान गाळतो! फार घाण झाला की मात्र पाणी कुठेतरी एकच वाट फोडून सरळ खाली जातं, बाकीची वाळू नुसती बघत बसते. या दोन टोकांच्या मधली जागा सांभाळणं म्हणजे मेंटेनन्स.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला ज्याने आपल्याला छळलं त्या डार्सीची इथे आठवण येते. हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणीपुरवठा करणारा इंजिनिअर. वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून त्याने मोजमापं घेतली आणि १८५६ साली आपला नियम छापला. पाणी किती वेगाने जाईल हे वरखालच्या दाबातल्या फरकावर, वाळूच्या जाडीवर आणि वाळू पाण्याला किती वाट देते त्यावर ठरतं. मी हा नियम पाठ करून सहा मार्क मिळवले होते. मामाने डार्सीचं नाव ऐकलेलं नाही, पण काटा बघून तो रोज सकाळी हाच नियम वाचतो.

धुण्याला बॅकवॉश म्हणतात. मामाचा शब्द जास्त छान आहे: उलटं धुणं. पंप बंद. व्हॉल्व्हचा दांडा 'फिल्टर'वरून 'बॅकवॉश'वर. पंप चालू. (पंप चालू असताना दांडा कधीच फिरवायचा नाही, आतलं गॅसकेट फाटतं. हे मामाने मला एका दिवसात तीनदा सांगितलं.) आता पाणी खालून वर जातं, वाळू फुगते, दाणे एकमेकांवर घासतात आणि मळ सुटून बाहेर पडतो. बाहेर जाणाऱ्या पाइपला एक काचेचा तुकडा आहे. त्यातून बघायचं. पहिले दोन सेकंद स्वच्छ, मग एकदम पहिल्या पावसातल्या ओढ्यासारखं गढूळ, आणि तीन-चार मिनिटांनी हळूहळू निवळ. काचेतून पलीकडचं बोट दिसलं की पंप बंद. मग दांडा 'रिन्स'वर, अर्धा मिनिट, म्हणजे हललेल्या वाळूतला उरलासुरला मळ टँकमध्ये न जाता गटारात जातो. पुन्हा पंप बंद, दांडा 'फिल्टर'वर, पंप चालू. काटा ०.८. रजिस्टरमध्ये सही.

याशिवाय तुरटीचा डोस असतो. आजी माठात तुरटी फिरवायची ना, तेच. बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वाळूत अडकतात. आणि वर्षातून एकदा झाकण उघडून वाळूत हात घालून बघायचं, गोळे झालेत का, पातळी खाली गेली आहे का. पाच-सात वर्षांनी अख्खी वाळूच बदलायची.

"एवढं कशाला? क्लोरीन टाकतात की!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण क्लोरीनला सगळे जंतू भीत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू आहे. जुलाब लावणारा, आकाराने चार ते सहा मायक्रॉन. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या टँकमध्येही तो आठवडाभराहून जास्त तग धरतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्यातून तो पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीन चालूच होता. शहराच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातली गाळणी कमी पडली होती, एवढंच. वाळू, तुरटी आणि काट्यावरचं लक्ष ही चैन नाही ती यासाठी.

आणि हो, टँकवर जो डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा' वास येतो ना, तो स्वच्छतेचा वास नव्हे! क्लोरीनची घामाशी आणि (क्षमा करा) लघवीशी गाठ पडली की जी रसायनं तयार होतात त्यांचा तो वास. चांगल्या राखलेल्या टँकला फारसा वास येतच नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते.

एका फिल्टरच्या बॅकवॉशला सुमारे ३१०० लिटर पाणी लागतं. तिन्ही मिळून ९ हजारांच्या वर. म्हणजे जवळजवळ एक टँकर, दहा-बारा मिनिटांत गटारात. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मला काचेतलं ते गढूळ पाणी बघवेना. कारण मी लातूरची आहे.

२०१६ चा उन्हाळा. मी दहा वर्षांची होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. आमच्या घरात भांडी घासलेलं पाणी संडासाला आणि आंघोळीचं पाणी फरशीला, असा नियम होता. शाळेत वॉटर बॅगमधलं उरलेलं पाणी ओतून दिलं तर बाई रागवायच्या, तेही चक्क मराठीत! आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन. साधारण पाच लाख लिटर. सगळ्या देशाच्या टीव्हीवर आमचं स्टेशन दिसत होतं.

आता तो आकडा आठवा. ४ लाख ७० हजार. म्हणजे मामाचा टँक जवळजवळ त्या पहिल्या रेल्वेएवढा.

मी मामाला विचारलं, "त्या वर्षी तू इथेच होतास ना? आई तुला फोन करून रडायची. तेव्हा तू काय करत होतास?"

मामा काही बोलला नाही. उठला, कपाटाच्या तळातून जुनं रजिस्टर काढलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. १२ एप्रिल २०१६. तिन्ही फिल्टर १.३. पुढे त्याच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: बॅकवॉश.

खरं सांगते, मला राग आला. ज्या दिवशी आमच्यासाठी रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या दिवशी माझ्या सख्ख्या मामाने एक टँकर गटारात सोडला होता, आणि वर सही केली होती!

मामा म्हणाला, "नसता केला तर काय झालं असतं सांग की, इंजिनिअर."

मी गप्प.

"चार-सहा दिवसांत पाणी गढूळलं असतं. मग हिरवं. मग साहेब म्हणले असते, सोडून द्या सगळं, नवं भरा. दहा हजार वाचवायचं आन पावणेपाच लाख घालवायचं? आख्खी रेल्वे गेली असती गटारात. माझ्या हातात तेवढंच होतं माय. टँक चालू ठेवायचा का बंद, ते साहेब लोकांनी ठरवायचं. चालू हाय तर पाणी नासू द्यायचं नाही, ते माझं."

टँक चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न खोटा नाही. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. मैदानावर पाणी मारायचं की नाही, यावर मोठमोठे वकील भांडत होते. मामाला कुणी वकील नव्हता. त्याच्याकडे एक काटा होता, आणि पाणी वाचवायचा जो एक मार्ग त्याच्या हातात होता तो त्याने केला. मला मात्र ते कळायला इतकी वर्षं आणि दोन सेमिस्टरचं फ्लुइड मेकॅनिक्स लागलं.

यंदा मे महिन्यात हाच प्रश्न पुन्हा आला. टँकरचे दर चढले, बागेलाही टँकर लागत होता, म्हणून क्लबच्या कमिटीने ठरवलं की बॅकवॉश पंधरा दिवसांतून एकदाच करायचा. मामाला तोंडी सांगून टाकलं. ऐन समर कॅम्पमध्ये! सकाळ-संध्याकाळ लहान मुलांच्या बॅचेस, आणि लहान मुलं पाणी पितात हे सांगायला नकोच.

मामा भांडला नाही. घरी येऊन जेवला आणि मला म्हणाला, "तुझ्या त्या लॅपटॉपवर रेघा काढून देशील का?"

मग आम्ही तीन वर्षांची रजिस्टरं घेऊन बसलो. मामा आकडे वाचायचा, मी एक्सेलमध्ये भरायचे. मामी मधून मधून चहा द्यायची आणि म्हणायची, "वाळूचं पण प्रोग्रेस बुक असतंय का?" दोन रात्री गेल्या. ग्राफ तयार झाला तेव्हा आमच्या लॅबच्या सगळ्या जर्नल्समध्ये मिळून आला नसेल इतका अर्थ त्यात होता. हिवाळ्यात, गर्दी नसताना, ०.८ वरून १.३ वर जायला काट्याला दहा-बारा दिवस लागत होते. मे महिन्यात तीन-चारच. खाली येणाऱ्या माणसांची संख्या आणि काट्याची चढण, दोन्ही रेघा जणू हात धरून चालत होत्या.

कमिटीच्या मीटिंगला मामाने मला बरोबर नेलं. एका काकांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला: "डिसेंबरमध्ये तुम्ही बारा-बारा दिवस बॅकवॉश करत नव्हता. तेव्हा चाललं, मग आता का नाही?" मामाने ग्राफच्या प्रिंटवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, तारीख बघून धुतलं तर हिवाळ्यात पाणी वाया जातं आणि उन्हाळ्यात पोरं आजारी पडतात. काटा बघून धुतलं तर दोन्ही होत नाही." एवढंच. अठरा वर्षांत कमिटीपुढे तो पहिल्यांदाच बोलला असावा. कारण सेक्रेटरी साहेबांना त्याचं आडनाव शेजारच्याला विचारावं लागलं.

पंधरा दिवसांचा नियम रद्द झाला. मामाची दुसरी मागणीही मान्य झाली: पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या, झाकण उघडं ठेवून. आता बॅकवॉशचं पाणी गटाराऐवजी तिथे जातं. गाळ खाली बसतो, उन्हाने क्लोरीन उडतो. मामा टेस्ट किटचा थेंब टाकून बघतो, पिवळा रंग आला नाही की वरचं पाणी बागेला. बागेचे टँकर त्यामुळे कमी झाले. माझ्या हिशोबाने हे फार मोठं क्रांतिकारी वगैरे काही नाही. धुण्यागणिक एक टँकर. पण आमच्या गल्लीत २०१६ साली एका टँकरवर किती घरं तगायची ते मला माहीत आहे, म्हणून मला तो आकडा लहान वाटत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे डिझाइन करायला शिकतो. सेमिनारला कुणी मेंटेनन्सवर टॉपिक घेतला तर मागच्या बाकावरून जांभया येतात. पण डिझाइन एकदाच होतं. त्यानंतरची पंचवीस वर्षं कुणीतरी रोज पहाटे पाच वाजता खाली उतरून काटा बघतो, म्हणून ते डिझाइन चालतं. आपल्या कॅम्पसवरही अशी माणसं आहेत. पंपहाऊसमध्ये, बॉयलरवर, सबस्टेशनमध्ये. त्यांच्याकडेही रजिस्टर असेल. प्रोजेक्टसाठी टॉपिक शोधत असाल तर एकदा जाऊन बघायला मागा.

आणि कुठल्याही टँकवर पोहायला जाल तेव्हा आधी शॉवरखाली नीट आंघोळ करा. तुमच्या अंगचा मळ, तेल आणि पावडर शेवटी मामाच्या वाळूतच येते. तेवढाच काटा एक दिवस उशिरा चढेल.